फोनची बॅटरी टिकवायची तर आधी मोजा, मग सेटिंगला हात लावा

बॅटरी टिकत नाही अशी तक्रार करणाऱ्यांपैकी बहुतेकांचे उपाय आधीच करून झालेले असतात. ब्राइटनेस कमी केलेला असतो, ब्लूटूथ आणि लोकेशन बंद असतं, दर थोड्या वेळानं सगळी ॲप्स सरकवून बंद करायची सवय लागलेली असते, आणि वर एखादं ‘बॅटरी सेव्हर’ ॲपही टाकलेलं असतं. तरी संध्याकाळपर्यंत फोन बसतोच. यातल्या काही उपायांनी काहीच होत नाही, एक-दोन तर उलट बॅटरी खातात. आणि सगळं एकदम केल्यामुळे नेमकं काय लागू पडलं हे कळायचा मार्ग उरत नाही.

यात आणखी एक गोंधळ असतो, तो म्हणजे दोन वेगळे प्रश्न एकत्र करण्याचा. सकाळी चार्ज केलेला फोन रात्रीपर्यंत पुरतो का, हा बॅकअपचा प्रश्न. हीच बॅटरी तीन वर्षांनीही नीट चालेल का, हा आयुष्याचा प्रश्न. बॅकअप वाढवायचा तर दिवसभरातला खर्च कमी करावा लागतो. आयुष्य वाढवायचं तर बॅटरीला उष्णतेपासून आणि सतत पूर्ण भरलेलं राहण्यापासून वाचवावं लागतं. कधी कधी हे दोन्ही एकमेकांच्या आड येतात. रोज १०० टक्के भरला की बॅकअप जास्त मिळतो, पण बॅटरी लवकर झिजते. म्हणून खालचे टप्पे त्याच क्रमानं करा. १ ते ५ मुख्यतः बॅकअपसाठी आहेत, ६ पासून पुढचे आयुष्यासाठी.

## तयारी: दोन दिवस काहीही बदलू नका

फोनमध्ये सिस्टिम अपडेट आला असेल तर तो आधी टाकून घ्या, ॲप्सही अपडेट करा आणि फोन एकदा बंद करून सुरू करा. मात्र मोठ्या अपडेटनंतर किंवा नवा फोन घेतल्यावर लगेच मोजमाप सुरू करू नका. फोन तेव्हा आतल्या आत फोटोंची, फाइल्सची नव्यानं नोंद करत असतो, ॲप्सची जुळणी करत असतो. त्यामुळे पहिले काही दिवस बॅटरी जास्त उतरते आणि फोन थोडा गरमही लागतो. हा बिघाड नाही. तीन-चार दिवस जाऊ द्या.

मग तुमच्या नेहमीच्या वापराचे दोन दिवस निवडा. प्रवासाचा किंवा लग्नघरचा दिवस नको. या दोन दिवसांत बॅटरी सेव्हर मोड बंद ठेवा, नाहीतर खरा खर्च झाकला जातो. कागदावर तीन गोष्टी टिपा: सकाळी चार्जिंगवरून काढताना किती टक्के होते, झोपताना किती आणि, रात्री चार्जिंगला न लावता, उठल्यावर किती. एवढी नोंद पुरते. पुढच्या प्रत्येक बदलाचा फायदा याच कागदाशी ताडून बघायचा आहे.

बॅटरी वाचवून देतो म्हणणारं कुठलंही वेगळं ॲप असेल तर ते आत्ताच काढून टाका. असं ॲप स्वतः सतत मागे चालू राहतं, जाहिराती ओढतं आणि इतर ॲप्स बंद पाडत बसतं. ही कामं फोनची सिस्टिम स्वतःच जास्त चांगली करते.

## टप्पा १: बॅटरी थकली आहे का, हे आधी पाहा

बॅटरीच थकली असेल तर सेटिंगमध्ये कितीही फिरलात तरी हाती काही लागत नाही. म्हणून हे सगळ्यात आधी.

आयफोनमध्ये सेटिंग्ज उघडून बॅटरी आणि त्यात बॅटरी हेल्थ बघा. ‘मॅक्झिमम कपॅसिटी’ म्हणून जो आकडा दिसतो, तो नव्या बॅटरीच्या तुलनेत आज किती क्षमता उरली आहे ते सांगतो. अँड्रॉइडमध्ये ही सोय कंपनीगणिक वेगळी आहे. सॅमसंगमध्ये सॅमसंग मेंबर्स ॲपमधल्या तपासणीत बॅटरीची स्थिती कळते. काही नव्या फोनमध्ये ‘अबाउट फोन’ किंवा बॅटरीच्या पानावर चार्ज सायकलची संख्या दिसते.

ही सायकल म्हणजे फोन किती वेळा चार्जरला लावला त्याची मोजणी नव्हे. आज ६० टक्के वापरले, चार्ज केला, उद्या ४० टक्के वापरले, की मिळून एक सायकल. ‘पुन्हा पुन्हा लावलं तर सायकल वाया जातात’ ही भीती त्यामुळे निराधार आहे. ॲपलच्या सांगण्यानुसार आयफोन १४ आणि त्याआधीच्या फोनची बॅटरी ५०० पूर्ण सायकलनंतर ८० टक्के क्षमता राखेल अशी बनवलेली आहे, आयफोन १५ पासून पुढे १,००० सायकलनंतर. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून बाजारात येणाऱ्या नव्या स्मार्टफोनना ८०० सायकलनंतर किमान ८० टक्के क्षमता राखण्याची अट आहे. आपल्या फोनची बॅटरी कोणत्या वयाला आली आहे याचा अंदाज यावरून बांधता येतो.

आकडा कुठेच दिसत नसेल तर लक्षणं पाहा. २०-३० टक्के शिल्लक असताना फोन अचानक बंद पडणं, कॅमेरा उघडताच टक्केवारी धपकन खाली येणं, चार्जरला लावल्यावर काही मिनिटांत बरेच टक्के चढलेले दिसणं, ही थकलेल्या बॅटरीची लक्षणं आहेत.

तपासा: क्षमता ८० टक्क्यांच्या खाली आहे किंवा वरची लक्षणं दिसतात? मग थेट टप्पा ९ वर जा. बाकीचे टप्पे नवी बॅटरी बसल्यावर करा.

## टप्पा २: बॅटरी नेमकी कोण खातंय

लोक इथेच चुकतात. कोण खातंय हे न बघता उपाय सुरू होतात. दिवस आणि रात्र वेगवेगळी मोजा, कारण दोघांचे गुन्हेगार वेगळे असतात.

रात्रीची चाचणी. झोपताना फोन चार्जिंगला लावू नका. वायफाय, डेटा, सिम सगळं नेहमीसारखं चालू ठेवा, फक्त स्क्रीन बंद. समजा ११ वाजता ६४ टक्के होते. सकाळी ६ वाजता ६१ दिसले तर फोन रात्री नीट झोपतो, चिंता नको. ४६ दिसले तर स्क्रीन बंद असतानाही काहीतरी १८ टक्के खाऊन गेलं आहे. इथे ब्राइटनेस कमी करून काहीही होणार नाही. दोष एखाद्या ॲपचा असेल नाहीतर रेंजचा.

आता सेटिंग्जमधलं बॅटरीचं पान उघडा आणि रात्रीचा आलेख निरखून पाहा. रेषा सगळी रात्र सारख्या उतारानं खाली आली असेल तर सतत चालणारं काहीतरी आहे, म्हणजे कमकुवत रेंज किंवा लोकेशन धरून बसलेलं ॲप. रेषा बहुतेक वेळ सपाट आणि मध्येच एखाद्या तासात कडा कोसळल्यासारखी असेल तर त्या वेळी फोटोंचा बॅकअप, ॲप अपडेट असं एकगठ्ठा काम झालं असणार. असं कधीतरी एकदा झालं तर सोडून द्या. रोज होत असेल तर त्या कामाला ‘फक्त चार्जिंग सुरू असताना’ ही अट लावा. बहुतेक बॅकअप ॲप्समध्ये तशी सोय असते.

दिवसाची यादी. त्याच पानावर ॲपनुसार खर्च दिसतो. नुसती टक्केवारी वाचून निष्कर्ष काढू नका. ३५ टक्के एका व्हिडिओ ॲपनं खाल्ले आणि तुम्ही चार तास व्हिडिओ पाहिलेत, तर त्यात ॲपची काही चूक नाही. ॲपच्या नावावर टिचकी मारा आणि दोन वेळा ताडून पाहा: स्क्रीनवर किती वेळ, मागे किती वेळ. एखादं खरेदीचं ॲप स्क्रीनवर ४ मिनिटं आणि मागे ६ तास दिसलं की चोर सापडला.

सावधान: यादीतले टक्के हे ‘झालेल्या खर्चातला वाटा’ असतात, पूर्ण बॅटरीचे टक्के असतीलच असं नाही. दिवसभरात बॅटरी फक्त १० टक्के उतरली असेल आणि एका ॲपपुढे ५० टक्के लिहिलं असेल, तर त्यानं पूर्ण बॅटरीतले ५ टक्केच खाल्ले आहेत.

## टप्पा ३: स्क्रीन

दिवसा सगळ्यात मोठा खर्च बहुधा स्क्रीनचाच, आणि त्यातही ब्राइटनेसचा. ऑटो ब्राइटनेस चालूच ठेवा. तो बंद करून हातानं कमी-जास्त करणारे उन्हात ब्राइटनेस पूर्ण चढवतात आणि घरात आल्यावर खाली आणायला विसरतात. ऑटोनं निवडलेली पातळी जास्त वाटली तर ती हातानं थोडी कमी करा. बरेच फोन तुमची ही पसंती लक्षात ठेवतात.

स्क्रीन बंद होण्याची वेळ ३० सेकंदांवर आणा. ‘ऑलवेज ऑन डिस्प्ले’ची, म्हणजे फोन वापरात नसतानाही स्क्रीनवर वेळ दिसत राहण्याची, खरंच गरज नसेल तर ती बंद करा. रिफ्रेश रेट, म्हणजे स्क्रीन सेकंदाला किती वेळा चित्र नव्यानं काढते तो आकडा, १२० हर्ट्झवर कायम अडकवलेला असेल तर तो आपोआप बदलणाऱ्या पर्यायावर ठेवा. तसा पर्याय नसेल तर ६० करून दोन दिवस वापरून बघा.

डार्क मोडबद्दल मात्र अपेक्षा जरा आवरा. ओलेड स्क्रीनमध्ये प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, म्हणून काळा भाग म्हणजे जवळपास बंद ठिपके. एलसीडीत मागचा दिवा पेटलेलाच राहतो, तिथे काळ्या रंगानं काही वाचत नाही. ओलेडमध्येही फायदा ब्राइटनेसवर ठरतो. परड्यू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये लोकप्रिय अँड्रॉइड ॲप्सवर मोजणी केली तेव्हा पूर्ण ब्राइटनेसवर डार्क मोडनं सरासरी ३९ ते ४७ टक्के ऊर्जा वाचली, पण ३० ते ५० टक्के ब्राइटनेसवर बचत केवळ ३ ते ९ टक्के निघाली. म्हणजे घरात कमी उजेडात डार्क मोडचा उपयोग डोळ्यांना जास्त, बॅटरीला कमी. फोन उन्हात वापरावा लागत असेल तर तो खरोखर कामाचा.

## टप्पा ४: रेंज

रात्रीची रेषा सतत उतरती असेल तर हा टप्पा नीट वाचा. टॉवर लांब असला किंवा भिंती जाड असल्या की फोन जास्त ताकद लावून सिग्नल पाठवतो, आणि रेंज गेलीच तर पुन्हा पुन्हा टॉवर शोधत राहतो. तुम्ही फोनला हात लावला नाही तरी हे चालूच असतं. तळघरात, लिफ्टच्या बाजूच्या खोलीत किंवा घाटातल्या प्रवासात बॅटरी का पळते त्याचं उत्तर हेच.

उपाय ठिकाणानुसार बदलतो. वायफाय आहे पण रेंज नाही अशा जागी वायफाय कॉलिंग चालू करा. सेवा देणारी कंपनी ती सोय देत असेल तर एअरप्लेन मोड लावून त्यातच वायफाय सुरू केलं तरी फोन येत-जात राहतात. रेंजही नाही, वायफायही नाही, अशा तासाभराच्या प्रवासात सरळ एअरप्लेन मोड लावा. ५जी येत-जात असेल तर नेटवर्क ४जीवर ठेवून दोन दिवस मोजा. ५जी स्थिर असेल तिथे हे करायची गरज नाही.

दोन सिम असतील आणि दुसऱ्याला तुमच्या भागात रेंजच नसेल, तर ते सिम सेटिंगमधून बंद करा. वापरात नसलेलं सिम रात्रंदिवस टॉवर शोधत बसतं हे बऱ्याच जणांच्या ध्यानातच येत नाही.

आणि ब्लूटूथ? नुसतं चालू राहिल्यानं ते फार थोडं खातं. ते रोज बंद-चालू करण्याचा खटाटोप सोडून द्या.

## टप्पा ५: ॲप्सना वेसण

आता टप्पा २ मध्ये सापडलेल्या ॲप्सकडे वळा, आणि फक्त त्यांच्याकडेच.

आधी लोकेशन. परवानग्यांच्या यादीत ‘नेहमी’ असं ज्या ॲप्सपुढे लिहिलं आहे, त्यातल्या नकाशा, टॅक्सी, खरेदी, हवामान अशा ॲप्सना ‘ॲप वापरात असतानाच’ हा पर्याय द्या. हवामानाच्या ॲपला नेमकी जागा लागत नाही, अंदाजे भाग पुरतो.

मग मागे चालण्याची मुभा. अँड्रॉइडमध्ये ॲपच्या माहितीच्या पानावर बॅटरी असा भाग असतो आणि त्यात साधारणपणे तीन पर्याय असतात: अनरिस्ट्रिक्टेड, ऑप्टिमाइझ्ड आणि रिस्ट्रिक्टेड. बहुतेक ॲप्सना मधला पर्याय योग्य आहे. चोर ठरलेल्या ॲपला शेवटचा द्या. सॅमसंगमध्ये अशा ॲपला ‘डीप स्लीपिंग’ यादीतही टाकता येतं. आयफोनमध्ये ‘बॅकग्राउंड ॲप रिफ्रेश’च्या यादीत त्या ॲपपुढचं बटण बंद करा. नोटिफिकेशनही बघून घ्या. दर वेळी स्क्रीन उजळवणाऱ्या जाहिरातवजा सूचना बंद केल्या की बॅटरी वाचते आणि डोकंही शांत राहतं.

सावधान: गजर, मेसेज, बँकेचं आणि लॉगिनचे कोड देणारं ॲप, आणि रक्तातली साखर किंवा हृदयाचे ठोके पाहणारी ॲप्स कधीही रिस्ट्रिक्टेड करू नका. बॅटरीचे दोन टक्के वाचवताना औषधाची सूचना चुकली तर तो सौदा फार महागात पडतो.

आणि आता ती सवय, सगळी ॲप्स सारखी सरकवून बंद करण्याची. सोडा ती. ‘अलीकडची ॲप्स’ म्हणून जी रांग दिसते, त्यातली बहुतेक ॲप्स गोठलेल्या अवस्थेत मेमरीत पडून असतात आणि तिथे असण्याचा खर्च नगण्य असतो. तुम्ही ती काढून टाकता, दहा मिनिटांनी तेच ॲप पुन्हा उघडता आणि फोनला ते शून्यातून उभं करावं लागतं. त्यात जास्त ऊर्जा जाते. ॲप अडकलं असेल, प्रतिसाद देत नसेल, तेव्हाच ते असं बंद करा. ॲपलचाही सल्ला हाच आहे.

तपासा: टप्पा ३, ४ आणि ५ मधले बदल एकेक करून, मध्ये दोन-दोन दिवस सोडून झाले का? कागदावरचे आकडे सुधारले का? ज्या बदलानं फरक पडला नाही तो मागे घ्या. विनाकारण सोसलेली गैरसोय फार दिवस टिकत नाही, आणि मग त्याच्याबरोबर उपयोगी बदलही सोडून दिले जातात.

## टप्पा ६: उष्णता

इथून पुढे आयुष्याचा प्रश्न. एकच गोष्ट सांभाळायची असेल तर ही सांभाळा.

लिथियम-आयन बॅटरीत विद्युत साठवण्याच्या मुख्य क्रियेशिवाय काही नको असलेल्या रासायनिक क्रियाही हळूहळू चालू असतात. ऋण टोकावर एक पातळ थर वाढत जातो, त्यात कामाचं लिथियम अडकून पडतं आणि तेवढी क्षमता कायमची जाते. तापमान चढलं की या क्रिया जोर धरतात. बॅटरी पूर्ण भरलेली असली की आतलं व्होल्टेज वर असतं, त्यानंही त्यांना बळ मिळतं. दोन्ही एकत्र आले, म्हणजे भरलेला फोन तापत पडला, की नुकसान सगळ्यात जास्त. गेलेली क्षमता फोन थंड केल्यावर परत येत नाही.

आयफोन ० ते ३५ अंश सेल्सिअसच्या हवेत वापरण्यासाठी बनवलेला आहे, असं ॲपल सांगते. आता गाडीत काचेला अडकवलेला फोन डोळ्यांपुढे आणा. वरून ऊन, स्क्रीन पूर्ण उजळलेली, नकाशा चालू म्हणून जीपीएस आणि डेटा सतत कामाला, पाठीला जाड कव्हर, आणि या सगळ्यात चार्जिंगही सुरू. उष्णतेच्या पाच वाटा एकाच वेळी उघडलेल्या. असा फोन एसीच्या झडपेसमोर लावा, कव्हर काढा, आणि ६०-७० टक्के असतील तर चार्जिंगची वायर काढून टाका. उभ्या गाडीत, बंद काचांच्या आड फोन ठेवून जाऊ नका.

घरातही हेच. उशीखाली किंवा गादीवर फोन चार्ज करू नका, उष्णतेला बाहेर पडायला वाव मिळत नाही. चार्जिंग सुरू असताना गेम खेळणं किंवा लांब व्हिडिओ कॉल टाळा. वायरलेस चार्जरवर फोन नेमका मधोमध ठेवा. थोडा सरकला तरी चार्जिंग होतं, पण जास्त ऊर्जा उष्णतेत जाते. हाताला फोन कोमट लागणं ठीक आहे. धरवत नसेल तर चार्जिंग थांबवा.

सावधान: तापलेला फोन फ्रिजमध्ये ठेवू नका. आत बाष्प धरतं आणि पाण्याचे कण जोडण्यांवर बसतात. कव्हर काढून सावलीत, पंख्याखाली ठेवलं की पुरे.

कडाक्याच्या थंडीचा त्रास वेगळा असतो. तेव्हा बॅटरी तात्पुरती कमी पुरते, फोन बंदही पडतो, पण ऊब मिळाली की बहुतेक पूर्ववत होतो. फक्त शून्य अंशाखाली असलेला फोन चार्ज करू नका. त्या तापमानाला लिथियम आत नीट न मुरता टोकावर धातू होऊन साठतं, आणि ते नुकसान कायमचं असतं. आधी फोन खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

## टप्पा ७: चार्जिंगची सवय

जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीचे नियम लोक अजून पाळतात: पूर्ण उतरू द्या, मग पूर्ण भरा. लिथियम-आयनला हे उलट बाधतं. तिला मधली पातळी मानवते, साधारण २० ते ८० टक्के, आणि थोडं थोडं चार्ज करणंही चालतं. मात्र १९ टक्के झाले म्हणून धावाधाव करू नका. ही सवय म्हणून पाळायची, शिस्त म्हणून नव्हे.

1. चार्ज मर्यादा लावा. आयफोन १५ पासून ८० टक्क्यांची मर्यादा मिळते, आणि आयओएस १८ पासून ८० ते १०० मधल्या इतर पायऱ्याही. सॅमसंग, पिक्सेल आणि इतर अनेक फोनमध्ये अशीच सोय बॅटरीच्या पानावर आहे.
2. आधी हिशेब करा. ८० ची मर्यादा म्हणजे बॅटरी म्हातारी झाल्यावर जे २० टक्के जायचे ते आजपासूनच न वापरणं. तुमचा दिवस ८० टक्क्यांत आरामात भागत असेल तर मर्यादा जरूर लावा. भागत नसेल तर १०० भरा, बॅटरी वापरासाठीच आहे. प्रवासाच्या आदल्या रात्रीही मर्यादा काढायला हरकत नाही.
3. रात्रभर लावायचाच असेल तर ऑप्टिमाइझ्ड किंवा ॲडॅप्टिव्ह चार्जिंग चालू ठेवा. फोन रात्रभर ८० च्या आसपास थांबतो आणि तुमच्या उठायच्या वेळेआधी उरलेलं भरतो. रात्रभर लावल्यानं ‘ओव्हरचार्ज’ होत नाही, फोन स्वतःच प्रवाह थांबवतो. तोटा आहे तो तासन्‌तास १०० टक्क्यांवर पडून राहण्याचा.
4. फास्ट चार्जिंग घाईच्या वेळी. फोन आधी वेगानं भरतो आणि ८० च्या पुढे आपोआप वेग कमी करतो. म्हणून शेवटचे २० टक्के रेंगाळतात, चार्जर बिघडलेला नसतो. रात्री घाई नसते तेव्हा साधा, कमी वॅटचा चार्जर वापरा, फोन थंड राहतो.
5. चार्जरचे वॅट जास्त असले तर घाबरू नका. किती प्रवाह घ्यायचा हे फोन ठरवतो. घाबरायचं ते नाव-गाव नसलेल्या स्वस्त चार्जरला आणि सोललेल्या वायरला.

चार्जिंग सारखं तुटत असेल तर बॅटरीला दोष देण्याआधी फोनचं चार्जिंगचं तोंड टॉर्च मारून पाहा. खिशातला धाग्यांचा मळ तिथे दाबून बसलेला असतो. फोन बंद करून कोरड्या लाकडी काडीनं हलक्या हातानं काढा. सुई किंवा टाचणी घालू नका.

टक्केवारी उड्या मारत असेल, म्हणजे ४० वरून एकदम ३१, तर मोजणी करणारी यंत्रणा चुकली असण्याची शक्यता असते. तेवढ्यापुरता एकदा फोन बंद पडेपर्यंत वापरा आणि मग न थांबता १०० पर्यंत भरा. यानं आकडा सुधारतो, क्षमता वाढत नाही. दर आठवड्याला करायची ही गोष्ट नाही.

## टप्पा ८: फोन बरेच दिवस वापरायचा नसेल तेव्हा

जुना फोन कपाटात टाकताना तो पूर्ण भरून किंवा पूर्ण उतरवून ठेवू नका. ५० टक्क्यांवर आणा, बंद करा, आणि कोरड्या, ३२ अंशांपेक्षा थंड जागी ठेवा. सहा महिन्यांनी काढून पुन्हा निम्मा भरा. शून्यावर ठेवलेली बॅटरी आपोआप आणखी उतरत जाते आणि कधी कधी पुन्हा चार्जच घेत नाही.

## टप्पा ९: बॅटरी बदलण्याची वेळ

थकलेल्या बॅटरीत विजेच्या प्रवाहाला आतून होणारा रोध वाढलेला असतो. कॅमेरा किंवा गेमनं अचानक जास्त शक्ती मागितली की व्होल्टेज कोसळतं आणि ३० टक्के दिसत असतानाही फोन बंद होतो. याला सेटिंगमध्ये उपाय नाही. फोन बाकी ठणठणीत असेल तर नवा घेण्याआधी बॅटरी बदलण्याचा विचार करा, ती बदलली की संथ झालेला आयफोनही बऱ्याचदा पुन्हा चपळ होतो.

फोन देण्याआधी डेटाचा बॅकअप घ्या. शक्यतो कंपनीच्या अधिकृत केंद्रात जा. पाण्यापासून बचाव करणारा फोन एकदा उघडला की तो बचाव आधीइतका राहीलच असं नाही, सील नवं लावणार का हे विचारून घ्या.

सावधान, फुगलेली बॅटरी: स्क्रीनची कड उचललेली, मागचं झाकण फुगीर, टेबलावर फोन डगमगतो, असं काही दिसलं तर आत वायू साठला आहे. फोन त्याच क्षणी बंद करा, चार्जिंगला लावू नका, दाबून बसवू नका, टोचू नका. पेट घेणाऱ्या वस्तूंपासून दूर, फरशीवर ठेवा आणि लवकरात लवकर दुरुस्ती केंद्राला कळवा. फोन चालतोय म्हणून ‘अजून आठवडाभर वापरू’ असं करू नका.

नवी बॅटरी बसली की केंद्रातून निघण्याआधी बॅटरी हेल्थचा आकडा बघून घ्या. काही दिवस जाऊ द्या, मग रात्रीची चाचणी पुन्हा करा आणि कागदावरच्या पहिल्या नोंदीशी ताडा. नव्या बॅटरीतही रात्रीत १५-१८ टक्के जात असतील तर दोष बॅटरीचा नव्हताच, टप्पा ४ आणि ५ पुन्हा करावे लागतील. जुनी बॅटरी तुमच्या हातात दिली तर ती घरच्या कचऱ्यात टाकू नका. कचरागाडीत दाबली गेली तरी ती पेटू शकते. दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावून ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्या.